गुरुवारचा वर्ग आणि दुर्गचे डॉक्टरकाका

लग्न होऊन मी भिलाईला आले तेव्हा पोलादाचा कारखाना अर्धाच उभा होता आणि आमचं क्वार्टर त्याहूनही कमी. पुढच्या दाराला कडी होती, मोरीला दारच नव्हतं. यजमान भट्टीकडे कामाला होते. सकाळी पांढरा शर्ट घालून जायचे आणि संध्याकाळी विटकरी रंगाचा घालून परत यायचे. मी भंडाऱ्याकडची, नागपूरला डॉक्टरी शिकलेली. इथे इस्पितळात माणसं हवीच होती, त्यामुळे महिन्याभरात मलाही कामावर घेतलं आणि मुलांच्या वॉर्डात टाकलं. कारण एवढंच, की मी बाई होते. बाईला मुलांचं कळतं, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

मला खरं म्हणजे फारसं काही कळत नव्हतं. कॉलेजात मुलांचे आजार म्हणजे मोठ्यांच्या पुस्तकाच्या शेवटी जोडलेलं थोडंसं प्रकरण होतं. औषधाचा मोठ्यांचा डोस घ्यायचा, वयाच्या हिशेबाने कमी करायचा, झालं. आणि इथे वॉर्डात रांगच्या रांग तान्ह्या मुलांची. वस्तीच तशी होती. कोणी बंगालकडून आलेलं, कोणी केरळातून, कोणी आमच्या गोंदिया-भंडाऱ्याहून. सगळी नवीन जोडपी, पहिलं मूल, घरात सासू नाही की आई नाही. मूल रडलं की आई घाबरायची, आणि मला पाहून आणखी घाबरायची, कारण मीही तिच्याच वयाची दिसायचे.

आमच्या वॉर्डाचे मोठे डॉक्टर मद्रासकडचे. त्यांच्या हिंदीत मुलगी यायचा आणि मुलगा यायची, पण आयांना ती बरोबर समजायची. उन्हाळा संपल्यावर त्यांनी आम्हा नव्या डॉक्टरांसाठी दर गुरुवारी दुपारी वर्ग सुरू केला. बाह्यरुग्ण विभाग उरकला, की एका खोलीत जमायचं. खोलीचा गिलावा अजून ओला होता, टेकून बसलं की पाठीला चुना लागायचा. पोस्टाने येणाऱ्या मासिकांतलं काही ते वाचून दाखवायचे, मग वॉर्डातलं एखादं मूल आणून आम्हाला तपासायला लावायचे. एकदा कारखाना उभारायला आलेल्या एका रशियन इंजिनियरची डॉक्टर बायको आली होती. तिने दुभाष्याच्या मदतीने मुडदुसाची लक्षणं दाखवली, आणि जाताना वॉर्डातल्या सगळ्या खाटा उन्हाच्या बाजूला सरकवायला लावल्या.

मोठ्या डॉक्टरांनी या वर्गाला आसपासच्या खाजगी डॉक्टरांनाही बोलावलं. ते म्हणायचे, "बच्चा पहले उनके पास जाता है, हमारे पास तो बाद में आती है." सुरुवातीला चार-पाच जण आले. चहा चांगला होता. पण दुपारचा दवाखाना बुडवून कोण किती दिवस येणार? दोन महिन्यांत एकच उरले, ते दुर्गचे.

वयाने माझ्या वडिलांएवढे, मूळचे आमच्याच भागातले मराठी. जुन्या काळची मेडिकल स्कूलची परीक्षा पास झालेले. स्टेशनकडच्या एका गल्लीत त्यांचा दवाखाना होता. धोतर, काळा कोट, कोटाच्या खिशात स्टेथोस्कोप. दुर्गहून सायकलवर यायचे, हात-तोंड धुवायचे आणि सगळ्यांत पुढे बसायचे. ऐकायला कमी येतं म्हणून पुढे बसतात, असं मला आधी वाटलं. तसं काही नव्हतं. त्यांना फळ्यावरची प्रत्येक गोष्ट नीट पाहायची असायची.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर मोठ्या डॉक्टरांनी मला सांगितलं, "हगवणीवर तुम्ही बोला. हिंदीत बोला." एवढ्या डॉक्टरांपुढे मी कधी बोलले नव्हते. तरी तयारी केली. त्या काळी मुलाला हगवण लागली की दूध बंद करायचं, पोटाला आराम द्यायचा, असंच सगळे करत. आम्हीही कॉलेजात तेच शिकलो होतो. आमचे मोठे डॉक्टर मात्र वॉर्डात निराळं करत होते. अंगावरचं दूध तोडायचं नाही, आणि उकळलेल्या पाण्यात मोजून मीठ-साखर घालून चमच्याचमच्याने पाजत राहायचं. फारच सुकलेलं मूल असेल तर डोक्याच्या शिरेतून सलाईन. मी ते सगळं मांडलं. बोलून झालं तेव्हा मला वाटलं, बरं झालं.

दुर्गचे डॉक्टर उठून उभे राहिले. मी मराठी आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून मराठीतच बोलले.

"बाई, मी तीस वर्षांपासून दूध बंद करून राहिलो. माझ्या गुरूंनी मला तसंच शिकवलं. तुम्ही म्हणता, देत राहा. तुम्ही अशी मुलं किती पाहिली?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी पाहिली होती ती मुलं एका उन्हाळ्याची. मी मोठ्या डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी काय चाललंय ते विचारून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माझं ऐकू नका, यांचंही ऐकू नका. वॉर्डात या आणि बघा."

मला वाटलं, आता हे काही परत येत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात शिरले तर ते खाटेशेजारी स्टुलावर बसलेले. दुर्गचा दवाखाना त्यांनी दुपारवर ढकलला होता.

त्या दिवशी जवळच्या रुआबांधा वस्तीतून एक पोर आली होती. आठ-नऊ महिन्यांची असेल. डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. आई आमच्याच विदर्भाची, नवरा कारखान्यात खलाशी, म्हणजे अवजड सामान उचलणारा मजूर. मोठ्या डॉक्टरांनी पोरीला तपासलं आणि म्हणाले, अजून गिळते आहे, आधी पाणी पाजून पाहू. मी पाणी तयार करून आणलं. दुर्गच्या डॉक्टरांनी माझ्या हातातून वाटी-चमचा घेतला.

"मी पाजतो," ते म्हणाले. "मग मला कळेल."

त्यांनी एक चमचा दिला, थांबले, दुसरा दिला. पोरीने ओकलं, त्यांच्या कोटावर. आई उठायला लागली.

"बस तू," ते तिला म्हणाले. "तुले रातभर झोप नसंन. मी पाहून राहिलो ना."

ती म्हणाली, "बाबाजी, पाणी टिकतच नाही तिच्या पोटात. काहून पाजता मंग?"

"थोडं टिकते, थोडं जाते. जे टिकते ते तिचं."

त्यांनी जरा वेळ जाऊ दिला आणि पुन्हा पाजायला सुरुवात केली. मी बाकीच्या खाटा उरकून परत आले तरी ते तसेच बसलेले. मध्ये मोठ्या डॉक्टरांनी सांगितल्यावर आईने पोरीला अंगावर घेतलं. तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. पोरगी ओढायला लागल्याचा आवाज आला तशी त्यांनी मान हलवली, स्वतःशीच. दुपार व्हायच्या आत ती आई मला शोधत आली.

"बाई, पोरीनं लघवी केली. लय केली. लुगडं भिजलं माहं."

मी आणि दुर्गचे डॉक्टर एकमेकांकडे पाहून हसलो. ज्यांनी अशी सुकलेली मुलं सांभाळली आहेत, त्यांनाच त्या ओल्या लुगड्याचं मोल कळेल. दुर्गचे डॉक्टर तो आठवडाभर रोज सकाळी येत राहिले. सगळी मुलं बरी झाली असं नाही. एक फार उशिरा आलेलं मूल गेलं, तेव्हाही ते होते. पण शेवटच्या दिवशी ते मला म्हणाले, "बेटा, मला पटलं." बाईची बेटा मी त्या दिवशी झाले, आणि ते माझे डॉक्टरकाका.

पावसाळ्यात एका गुरुवारी वर्ग संपल्यावर ते म्हणाले, "रविवारी आमच्याकडे जेवायला या दोघं. जेवणाच्या आधी थोडं दवाखान्यात बस. मी बरोबर सांगतो का पाहा."

आम्ही गेलो. दवाखाना म्हणजे घराची पुढची खोली. एक बाक, एक टेबल, कपाटात मिश्रणाच्या बाटल्या. यजमान आत काकूंशी बोलत बसले, मी बाकावर. पाच-सहा बायका मुलं घेऊन आलेल्या. त्यात एक आमच्या विदर्भाकडची बाई होती, तिच्या कडेवर धाकटा आणि हाताशी थोरला. धाकट्याला हगवण. काकांनी त्याला तपासलं, मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं ते तिला दाखवलं, तिच्याकडून करून घेतलं. मग म्हणाले,

"आणि अंगावरचं दूध चालू ठेवजो."

ती बाई थोरल्याकडे पाहत म्हणाली, "पण डॉक्टरसाहेब, याच्या भावाच्या वक्ताले तुमीच तं म्हणलं होतं, दूध तोड म्हून."

खोलीतल्या सगळ्या बायका ऐकत होत्या. मला वाटलं, आता काका काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. त्या मुलाचा आजार निराळा होता, असं म्हणणं सोपं होतं. कोणाला कळलंही नसतं.

"हाव, मीच म्हणलं होतं," काका म्हणाले. "ते मी चुकीचं सांगितलं. तवा मले तेच ठाऊक होतं. आता मी भिलाईले जाऊन नवीन शिकलो." आणि माझ्याकडे बोट दाखवून, "या बाईनं शिकवलं मले."

त्या बाईने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. मग काकांना विचारलं, "या वयात शिकता तुमी?"

"पोट्टे अजून बिमार पडते ना," काका म्हणाले आणि पुढच्या बाईला बोलावलं.

जेवताना मी त्यांना विचारलं, की असं सगळ्यांसमोर सांगितल्यावर लोकांचा विश्वास कमी होत नाही का. ते वरणात भात कालवत होते. म्हणाले, "एखादी जाईल दुसऱ्या डॉक्टरकडे. पण जी राहील, तिला मी पुढच्या वेळी नवीन काही सांगितलं तर ती ऐकेल." काकू मला भरीत वाढत म्हणाल्या, "ऐकत नाही ते मीच एक आहो." सगळे हसलो.

तो रविवार माझ्या मनात राहिला. मी तेव्हा ज्या वयाची होते, त्या वयात डॉक्टरला न चुकण्याचा फार सोस असतो. आपल्याला माहीत नाही हे कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मी किती गोष्टी न विचारता सोडून देत होते. त्यानंतर मी विचारायला लागले. मोठ्या डॉक्टरांना विचारायचे, नर्सना विचारायचे. तान्ह्या मुलाच्या डोक्याच्या शिरेत सलाईनची सुई घालायला मी त्याच पावसाळ्यात शिकले. कितीदा तरी चुकले, पण मोठ्या डॉक्टरांनी सुई माझ्या हातातून एकदाही काढून घेतली नाही.

पुढे काही वर्षांनी मोठे डॉक्टर आपल्या गावाकडे परत गेले आणि गुरुवारचा वर्ग माझ्याकडे आला. तोवर खोलीचा गिलावा वाळून त्याला तडेही गेले होते. मला एक मुलगा झाला होता. बाळंतपणात काकूंनी डिंकाचे लाडू पाठवले होते आणि काकांनी निरोप पाठवला होता, की वर्ग सोडू नको. मी सोडला नाही. नवे डॉक्टर आले, आता काही तर मुलांच्या आजारांचं खास शिक्षण घेतलेले. त्यांच्यापुढे बोलायला मी कचरत असे. पण पुढच्या रांगेत काळा कोट दिसला की धीर यायचा.

तशातच बातमी आली, की आपण सगळे लहान मुलांना सर्रास देतो त्या एका औषधाने त्यांचे दात कायमचे पिवळे होतात. त्याच वर्गात आदल्या वर्षी मीच ते औषध द्यायला सांगितलं होतं. मी फळ्यापुढे उभी राहिले आणि म्हणाले, "मागे मी सांगितलं होतं ते आता विसरा." एवढं म्हणताना मला मुळीच जड गेलं नाही. कोणाकडून शिकले, ते मला चांगलं माहीत होतं.

मग काकांची नजर अधू झाली. सायकल सुटली, पाठोपाठ दवाखानाही सुटला. रविवारी आम्ही मुलाला घेऊन बसने दुर्गला जायचो. मी त्यांच्या खाटेशेजारी बसून गुरुवारी वर्गात काय झालं ते सांगायचे. काकू म्हणायच्या, "आता रोगी पाहत नाही, तं कायले शिकून राहिले?"

"शेजारपाजारचे अजून मलेच विचारतात," ते म्हणायचे.

एका रविवारी मी त्यांना, अंगातलं पाणी कमी होत चालल्याची खूण आईला घरीच कशी ओळखता येईल, त्याबद्दल सांगत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे तू आईला कोणत्या शब्दांत सांगशील?"

मी म्हणाले, "शरीरातलं पाणी कमी झालं, असं सांगेन."

"नको. ती म्हणेल, पाणी तर पाजलं. तिला सांग, पोरगं रडते पण डोळ्याले पाणी नाही, तवा लगेच उचलून आण. रडणं तिला रोज दिसते."

सोमवारी वॉर्डात मी पहिल्या आईला तसंच सांगितलं. तिने मुलाच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "समजलं बाई." नोकरी असेपर्यंत मी आयांना हे असंच सांगत आले, आणि माझ्या हाताखाली शिकलेले डॉक्टर आपापल्या भाषेत असंच सांगतात.