डेब्रिजचं खळं

ती जागा आमची नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी मला कायदा शिकवायला नको. दिंडोशीला टेकडीच्या उतारावर आमची बैठी चाळ आहे. खाली रस्त्याला जायचं तर पायऱ्या, संडासाला जायचं तर पायऱ्या, दुकानात जायचं तर पायऱ्या. अख्ख्या वस्तीत सपाट म्हणावा असा एकच तुकडा, आणि तो आमच्या चाळीसमोर. तिथे आमची वाळवणं पडायची, गाद्यांना ऊन मिळायचं, बारशाची पंगत बसायची. वरच्या अंगाने एक कच्चा रस्ता तिथपर्यंत उतरतो, पण त्याचा चढ असा की धडधाकट माणसाचीही दमछाक होते. ही जागा कोणाची, असं तेव्हा कोणी विचारत नव्हतं.

त्या जागेची खरी किंमत मला कळली ती ह्यांना झटका आल्यावर. ह्यांचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. गोरेगाव-कांदिवलीच्या टॉवरमध्ये लिफ्ट बंद पडली की हे हत्यारांची पिशवी खांद्याला लावून जिन्याने वर. असा माणूस एका सकाळी दात घासता घासता मोरीत कलंडला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं एकेका शब्दावर आलं. हॉस्पिटलातली व्यायाम शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची, पण तोंडाची स्पष्ट. म्हणाली, "काकू, सपाट जमिनीवर रोज चालवायचं. आत्ताचे महिने गेले ना, की पाय हट्टाला पेटतो, मग तो शिकत नाही." मी ते मनात गाठ मारून घेतलं. रोज सकाळी उन्हं यायच्या आत ह्यांचा एक हात चार पायांच्या काठीवर, दुसरा माझ्या खांद्यावर, आणि आमची स्वारी दारातून निघायची. पाय उचलत नव्हता, फरफटत यायचा. हे चिडायचे, मी चिडायचे. पण चाळीच्या टोकाच्या नळापर्यंत जाऊन परत यायला लागले होते हो!

आणि एका सकाळी दार उघडलं तर समोर डोंगर.

रात्री कोणीतरी वरून टेम्पो आणून रिकामे केले होते. फुटक्या विटा, प्लॅस्टरचे पोपडे, पीओपीच्या पांढऱ्या फळ्या, अर्धा कमोड, मोडक्या चौकटी, आणि कोणाच्या तरी बाथरूमची गुलाबी लाद्यांसकट अख्खी भिंत. खाली जुन्या बिल्डिंगी पाडून टॉवर उभे राहतायत, ज्यांच्या पाडत नाहीत ते फ्लॅटच्या भिंती फोडून हॉल मोठे करतायत, आणि त्या सगळ्यांचं नको झालेलं आमच्या दारात. हे उंबऱ्यात काठी टेकून उभे राहिले. बघितलं, वळले, आणि कॉटवर भिंतीकडे तोंड करून झोपले. मला त्या ढिगाचा राग आलाच, पण ह्यांच्या त्या पाठीने माझ्या जिवाचं पाणी पाणी केलं.

टेकडीवर राहणाऱ्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. डेब्रिजचा टेम्पो रस्ता चुकून येत नाही. आधी भरणी होते, मग सपाटी होते, मग चार पत्रे उभे राहतात, मग खोल्या, मग त्या खोल्यांत भाडेकरू. आमच्या वस्तीत हा उद्योग करणारा एक इसम आहे, त्याला सगळे भरणीवालाच म्हणतात. तो दोन दिवसांनी येऊन ढिगाकडे बघून गेला, आपल्या शेताकडे बघावं तसा.

मी गप्प बसणारी नव्हेच. फोन केले, ऑफिसं धुंडाळली. महापालिकेचे एक साहेब येऊन मोबाइलवर फोटो काढून गेले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला नीट समजावलं की डेब्रिज असं कुठेही टाकता येत नाही, ते प्लांटवर न्यायचं असतं, तिथे यंत्रात दळून त्याची खडी होते, वाळू होते, फुटपाथचे ब्लॉक होतात.

"झकास," मी म्हटलं, "मग हे कोण नेणार?"

"ज्याने टाकलं त्याने न्यायला पाहिजे."

"साहेब, त्याला न्यायचं असतं तर त्याने टाकलं असतं का?"

ते हसले आणि बघतो म्हणाले. ते बघेपर्यंत ह्यांचं चालणं कॉट ते मोरी एवढ्यावर आलं. वळायला जागा नाही, एकदा कपाटाला धडकले, एकदा स्टोव्हच्या टेबलाला. पुढच्या खेपेला हॉस्पिटलातल्या त्या मुलीने पाय दाबून बघितला आणि माझ्याकडे मान वर करून विचारलं, "काकू, चालणं सुटलंय का?" परतीच्या रिक्षात मी ठरवलं, बस झालं. यंत्र आमच्याकडे येत नाही ना, मग आम्हीच यंत्र.

आता यात माझी अक्कल किती आणि सासूबाईंची किती, यावरून आमच्या घरात अजून वाद आहे. मी चाळीतल्या पोरींना गोणी द्यायला निघाले होते, सगळं भरून वरच्या कच्च्या रस्त्याला नेऊन ठेवायचं म्हणून. सासूबाई दारात बसून तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "गो, ह्या उचलून खंय टाकतलंस? दुसऱ्याच्या दारात? चोपून काढ. खळा कर."

खळं म्हणजे कोकणातल्या घरापुढचं अंगण. पाऊस संपला की दरवर्षी ते नवीन करायचं: माती खणायची, सारखी करायची, पाणी मारायचं, लाकडी चोपण्याने बडवून बडवून घट्ट करायचं आणि वर शेणाने सारवायचं. चाळीतली निम्मी घरं आमच्याच बाजूची. खळं म्हटल्यावर सगळ्यांचे डोळे चमकले. शेजारच्या वहिनी तर पदर खोचूनच बाहेर आल्या. फक्त गावाला लाल माती असते आणि इथे कोणाचं तरी बाथरूम होतं, एवढाच काय तो फरक.

काम सोपं नव्हतं. लोखंड भंगारवाल्यांनी आधीच वेचून नेलं होतं, तेवढी मेहरबानी. काचा आणि लाद्यांच्या धारदार कपच्या आम्ही वेगळ्या काढल्या. सिमेंटची मोठी ढेकळं उताराच्या कडेला रचून बांध घातला. त्याच्या आत फोडलेली प्लॅस्टरं, त्यावर विटांचे तुकडे. हातोड्याने विटा फोडून फोडून हाताला फोड आले, आणि तोंडाला ओढणी बांधूनही नाकातून लाल पाणी यायचं. चोपणी आम्ही त्याच ढिगातल्या मोडक्या चौकटींची केली.

आणि मग आम्ही घोळ घातला. म्हणजे मीच. गावाला कोणी कोणी मातीत चुना मिसळतात, म्हणून मी म्हटलं ही पीओपीची पांढरी पावडर म्हणजे चुनाच की, टाका वरून. टाकली, पाणी मारलं, चोपलं. सकाळी जागेचा पार विचका झाला होता, कुठे दगडासारख्या गुठळ्या, कुठे दह्यासारखा चिकट लगदा. वहिनींचा पाय घसरून त्या बसल्या ते थेट लगद्यातच. "वाट लावलीस गं माझ्या गाऊनची!" म्हणून ओरडल्या आणि मग आम्ही सगळ्या इतक्या हसलो की पोटं दुखायला लागली. सगळा थर खरवडून काढावा लागला. त्या जागी विटांचा भुगा चाळून घातला. तो बसला, छान बसला, गावच्या मातीच्या रंगाचा.

हे तोवर कॉटवरून दारातल्या खुर्चीपर्यंत आले होते. एक दिवस डाव्या हाताने त्यांनी हत्यारांची पिशवी दाखवली आणि म्हणाले, "लेव्हल." मी पिशवीतून पाण्याची लेव्हल, म्हणजे सपाटी बघायची बुडबुड्याची पट्टी, काढून दिली. झालं! तिथून पुढे आमचा छळ सुरू. पोरी ती पट्टी जमिनीवर ठेवायच्या आणि हे खुर्चीतून "वर," "खाली," "परत," एवढंच बोलायचे. दमलेल्या बायकांना परत फोडायला लावायचे. मी म्हटलं, "अहो, अंगण करतोय, लिफ्टचा शाफ्ट नाही." "परत," हे म्हणाले. मला त्यांचं डोकं फोडावंसं वाटलं आणि त्याच वेळी रडूही आलं, कारण त्या झटक्यानंतर ह्यांनी पहिल्यांदाच कोणाला तरी हुकूम सोडला होता.

वहिनींच्या मनात भलतंच होतं. त्या म्हणाल्या, "कोपऱ्यात एक देव बसवूया. मग कोणाची टाप आहे हात लावायची!" चाळीतल्या पुष्कळांना पटलं. मी नाही म्हटलं. देवाला वॉचमनची नोकरी लावायची नाही. आपल्याला चालायला जागा पाहिजे, वाळवणाला जागा पाहिजे, तसं तोंडाने म्हणायचं. त्यासाठी देवाच्या पाठीमागे लपायचं नाही. वहिनी चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. आरे कॉलनीच्या अंगाला असलेल्या तबेल्यातून शेण आलं तेव्हा सारवायला मात्र त्याच पुढे.

खळं वाळलं आणि हे पुन्हा चालायला लागले. पहिल्या दिवशी पाय अगदीच विसरल्यासारखा, नळाच्या अर्ध्यावरूनच परत. मग हळूहळू नळ, मग नळाला वळसा. माझ्या खांद्यावरचा हात दिवसेंदिवस हलका होत गेला.

भरणीवाला आला तो सकाळीच, हसत, दोन माणसं घेऊन. एकाच्या हातात दोरी, दुसऱ्याच्या हातात फक्कीचा डबा. खेळाच्या मैदानावर पांढऱ्या रेघा मारतात ती फक्की.

"मावशी, मानलं तुम्हाला! मी जेसीबी लावणार होतो, तुम्ही फुकटात लेव्हल करून दिलीत."

"तुला नाही करून दिली."

"जागा कोणाची मावशी? कागद आहे?"

"नाही. तुझ्याकडे आहे?"

"आपली वरपर्यंत सेटिंग आहे."

"मग वरच बांध खोल्या."

बायका हसल्या. त्याला ते लागलं, पण गडी मुरलेला. आवाज उतरवून म्हणाला, "हे बघा, भांडण कशाला? एक खोली तुमच्या नावाने टाकतो. भाड्याने द्या, काकांच्या औषधाचं निघेल." खोटं कशाला बोलू, क्षणभर मनात भरलं ते. औषधं स्वस्त नाहीत. पण मला कॉट ते मोरी आठवलं. मी म्हटलं, "खोलीत माणूस किती चालतो ते मी बघितलंय. नको."

त्याने खांदे उडवले आणि माणसांना खूण केली. दोरी ताणली गेली, फक्की पडायला लागली. आमच्या चोपलेल्या लाल जमिनीवर पांढरी रेघ, मग दुसरी. आम्ही सगळ्या एकदम बोलायला लागलो, ओरडायला म्हणा, पण कोण कोणाचं ऐकतंय.

त्या गडबडीत मी दाराकडे पाठ करून उभी होते. वहिनींनी माझा हात घट्ट धरला म्हणून वळले. हे एकटेच बाहेर आले होते. नुसती काठी. झटका आल्यापासून ह्यांनी उंबरा एकट्याने ओलांडलेला मी पाहिलाच नव्हता. चालायची वेळ झाली होती, आणि हे चालायला निघाले होते.

काठी पुढे, डावा पाय पुढे, उजवा फरफटत. तो पाय रेघेवरून गेला आणि रेघ पुसली. माणसाने पुन्हा फक्की टाकली. हे नळाला वळसा घालून आले आणि पुन्हा पुसली. भरणीवाल्याला वाटलं आजारी माणूस आहे, त्याला काय कळतंय. मला कळलं. एवढी वर्षं संसार केलाय, मुद्दाम करताना ह्यांचं तोंड कसं होतं ते मला पाठ आहे.

"काका, बाजूला व्हा, पडाल," भरणीवाला म्हणाला.

आणि हे पडले. काठी दोरीत अडकली आणि धप्पकन् डाव्या अंगावर. भरणीवाल्याने हात पुढे केला, ह्यांनी तो झिडकारला. वहिनी धावल्या. आणि मी, जी रोज खांदा देत होते, मी ओरडले, "कोणी हात लावायचा नाही!" का ओरडले ते देव जाणे. हाड मोडलं असेल तर? तर सगळंच संपलं, हे मला माहीत होतं. तरी मी जागची हलले नाही.

ह्यांनी काठी ओढून घेतली. गुडघा टेकला, घसरला, परत टेकला. किती वेळ लागला कोणास ठाऊक. हे उभे राहिले. अर्धी पॅन्ट फक्कीने पांढरी, हनुवटीवर लाल भुगा. श्वास घेतला आणि भरणीवाल्याला म्हणाले, तुटक तुटक, पण सगळं म्हणाले, "बाजूला हो. माझ्या फेऱ्या राहिल्यात."

भरणीवाला दोरी हातात धरून एक पाऊल मागे सरला. ह्यांना तेवढं पुरलं नाही. काठीने खूण करून अजून मागे हो म्हणाले, आणि तो झाला.