अकरा हंगाम टिकलेला पंप

नासीरभाईंचं नाव निघालं की आमच्या जिनिंगमध्ये आजही लोक म्हणतात, "मिस्तरी चांगला होता, पण शेवटी पंप त्यानेच जाळला." हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि मी गप्प बसतो. गप्प बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

मी हितेंद्र, पहूरजवळच्या एका जिनिंगमध्ये सुपरवायझर. कापसातून सरकी निघाली की उरलेली रुई प्रेसमध्ये दाबून गाठी बांधतात. प्रेस चालते तेलाच्या दाबावर, आणि तो दाब देतो हायड्रॉलिक पंप. आसपासच्या जिनिंगांत असा पंप दोन-तीन हंगामांत बसतो, निकामी होतो. नासीरभाईंनी आमचा अकरा हंगाम चालवला.

माणूस मूळ धुळ्याचा, अहिराणी काही सुटली नाही. सकाळी चहाच्या आधी तेलाची टाकी पुसायचे, तीही बायकोच्या जुन्या नायलॉनच्या साडीच्या ओल्या फडक्याने. सुती फडकं धागे सोडतं म्हणून त्यांना चालायचं नाही. ग्लासभर तेल काढून उन्हात धरायचे आणि एक डोळा मिटून असे बघायचे, की जणू मुलगी बघायला आलेत. टाकीत तेल ओतायचं ते बारीक जाळीतूनच. एक डबा रिकामा व्हायला अर्धा तास लागायचा. मी वैतागायचो.

"भाऊ, तेलमा रुई गई ना, ते पंप मरी जास," ते म्हणायचे. जिथे श्वासागणिक नाकात रुई जाते, तिथे हा माणूस टाकीत एक धागा जाऊ देत नव्हता.

दसऱ्याला आमच्याकडे हंगामाचा मुहूर्त असतो. शेठ प्रेमराज यांच्या पत्नी लताबाई हंगामाच्या पहिल्या कापसाची वस्त्रमाळ हाताने करतात आणि प्रेसला वाहायला पाठवतात. पूजा मी करायचो. नासीरभाई शेजारी उभे राहायचे आणि माळ कुठे ठेवायची ती जागा दाखवायचे, "आठे ठेवा, भाऊ." ती जागा टाकीपासून लांब का असते, हे मी कधी विचारलं नाही.

पंप जळाला त्या वर्षी ते मुलीच्या, रूहीच्या, लग्नाला धुळ्याला गेले होते. पूजेआधी मला टाकीत तेल कमी दिसलं. शेठ येतच होते. मी जाळी काढून बाजूला ठेवली, भसाभस डबा ओतला आणि झाकण न फिरवता नुसतं वर टेकवलं. त्याच झाकणावर हळद-कुंकू वाहिलं, माळ घातली आणि मुहूर्ताला प्रेस चालू केली. दुसऱ्या दिवशी माळ दिसली नाही. जिनिंगमध्ये कापसाची एक माळ हरवली तर कोण शोधतं?

नासीरभाई परतले आणि आधी टाकीकडे गेले. टेकवलेलं झाकण प्रेसच्या हादऱ्यांनी सरकलं होतं. "झाकण कोनी उघाडं?" त्यांनी सगळ्यांना विचारलं. मी वजनाच्या पावत्या चाळत राहिलो.

चार दिवसांत पंप किणकिण करायला लागला. "तेल पेवाले भेटत नही त्याले," नासीरभाई म्हणाले. टाकी रिकामी करायला त्यांनी अर्धा दिवस मागितला. दिवाळीपूर्वीची घाई, दारात गाड्यांची रांग. शेठ नाही म्हणाले, आणि मीही शेठच्या सुरात सूर मिसळला. तिसऱ्या दिवशी पंप जाम होऊन जळाला.

मग टाकी उघडली. तळाची गाळणी त्यांनी बाहेर काढली तेव्हा मी शेजारीच होतो. तिच्यावर रुईचा लगदा बसला होता, आणि त्यात गुंतलेली माळ. तेलात काळी पडली होती, तरी गाठींवरचं कुंकू मला ओळखू आलं. नासीरभाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि माळ मुठीत घेऊन खिशात घातली.

"काय निघालं?" शेठने विचारलं.

"रुई."

"रुई आत जाऊ नये म्हणून तुला ठेवलाय ना? तू लग्नं करत फिर, इथे माझी प्रेस बंद!"

"मनी चूक व्हयनी, शेठ."

चाळीस माणसं ऐकत होती. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभा होतो. नासीरभाईंचा हिशेब त्याच दिवशी झाला. फाटकापाशी मी त्यांना गाठलं आणि विचारलं, खरं का नाही सांगितलं? ते म्हणाले, "भाऊ, मी देवना वस्त्रवर बोट दाखाडू? आजकालना दिनमा?" त्यांनी सायकलीला टांग मारली. मला दोष देणारं एक अक्षरही ते बोलले नाहीत, आणि तेच मला आजवर पचलेलं नाही.

नवा पंप पुढचा दसरा बघायच्या आतच किणकिणू लागला. "नासीरला घेऊन ये," शेठ म्हणाले. नासीरभाई रावेरला केळीच्या ट्रॉल्यांचे जॅक दुरुस्त करत होते. रस्त्याकडेला पत्र्याचं शेड, आणि तिथेही नायलॉनचं फडकं. मी परत येण्याचा विषय काढला. ते जॅक पुसत राहिले. त्यांच्या पत्नी सुगराबी आत गेल्या आणि कागदाची पुडी घेऊन आल्या.

"देवनी वस्तू शे, कचरामा कशी टाकू? डिझलमा धोईसन ठेयेल शे. लई जा," त्या म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "चाळीस माणसंस्नासमोर चोर ठरनात ते. आते तरी तोंड उघाडा, भाऊ."

दुसऱ्या दिवशी मी शेठच्या टेबलावर पुडी उघडली आणि सगळं सांगितलं. लताबाई तिथेच होत्या. त्यांनी माळ उचलली, गाठी चाचपल्या. "ही माझीच," त्या म्हणाल्या. "अहो, त्या माणसाला बोलवा. सगळ्यांसमोर सांगा."

शेठने माळ त्यांच्या हातातून घेतली, पुडीत बांधली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. "हे या खोलीबाहेर जायचं नाही. पूजेने पंप बसला म्हणून सांगू? उगाच भलतंच काही होईल. हितेंद्र, दुसरा मिस्तरी बघ."

मी दुसरा मिस्तरी बघितला. नोकरी टिकली. सुगराबींचं सांगणं मी एकाच खोलीत पुरं केलं, आणि ती खोली चुकीची होती. म्हणून हे लिहितो आहे, आणि छापून आलं की प्रेसच्या खांबावर डकवणार आहे. टाकीची जाळी मी काढली होती. झाकण मी उघडं ठेवलं होतं. नासीरभाईंचं काहीही चुकलं नव्हतं.