मोटारीच्या तोटीला खंडोबाचा कौल

आमचे हे म्हणजे अजब रसायन! घराणं शिलेदारांचं, नोकरी बडोद्याच्या पागेत घोड्यांचा दाणागोटा मोजून द्यायची. हाताला तीच सवय, म्हणून घरातही सगळं मोजूनमापून. अशा माणसाने श्रीमंत सरकारांच्या हीरकमहोत्सवाच्या साली एका सरदारांनी टाकून दिलेली मोटार घरी आणली. का, तर तिचे हाल बघवेनात म्हणे! रोज सकाळी तिला थोपटायचे, "हो, हो, शहाणी गं माझी," म्हणायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कधी कुणी शहाणी म्हटलं नाही.

माझं माहेर नदीपलीकडे अकोट्याला. पूल ओलांडला की चढ लागतो, तिथे ही शहाणी हटकून बसायची. मग मी पदर खोचून मागून ढकलायचं आणि घामाघूम होऊन माहेरच्या दारात उभं राहायचं. माझी वहिनी निरुपमा तोंडाला पदर लावून विचारायची, "वन्सं, मोटारीतून आलात, की मोटार घेऊन आलात?" अंगाचा तिळपापड व्हायचा नुसता!

छाणीच्या मगनभाई मिस्त्रीने गाडी उघडून निदान केलं, "सुभानराव, आ जेट घसाई गयुं छे." जेट म्हणजे इंजिनात पेट्रोल सोडणारी पितळेची इवलीशी तोटी. जुनी पार झिजली होती. त्याने दोन नव्या दिल्या, हवी ती ठेवा आणि दुसरी परत आणा म्हणाला. बारीक भोकाची पेट्रोल कमी पिणार, पण चढावर धापा टाकणार. मोठ्या भोकाची चढ हसत चढणार, पण पेट्रोल ढोसणार.

यात ठरवायचं ते काय? पण यांनी घोड्याचे दात तपासावेत तशा त्या तोट्या उन्हात धरून तपासल्या आणि म्हणाले, "बारीकच बरी." मी म्हटलं, "मोठी!" झालं, जुंपली. शेवटी सासूबाई कडाडल्या, "खंडोबाला कौल लावा, पण माझं डोकं खाऊ नका!"

देवघरातल्या मुखवट्याच्या दोन्ही गालांवर ओल्या पाकळ्या लावायच्या. उजवी आधी पडली तर मोठी तोटी, डावी पडली तर बारीक. पाकळ्या मीच लावल्या, आणि डावीला पाण्याऐवजी गुळाचा पाक लावला. देवा, क्षमा कर, पण माझ्या वहिनीशी तुझी गाठ पडलेली नाही! मग नैवेद्य आणायला आत गेले.

दुपार झाली तरी एकही पाकळी हलेना. सासूबाई हात जोडून म्हणाल्या, "देव विचारात पडलाय गं." तेवढ्यात मुंग्या आल्या. डाव्या गालावर येणार हे मला ठाऊकच होतं. पण उजव्या गालावर कशा? मी यांच्याकडे बघितलं. हे आढ्याकडे बघत होते, आणि मिशीला काकवी लागली होती!

"मेल्यांनो, देवाला मुंग्या लावल्यात!" सासूबाईंनी दोघांनाही झाडलं.

बाहेर आल्यावर यांनी विचारलं, "तुला मोठीच का हवी?"

"मला एकदा तरी माहेरच्या दारात मोटारीतून उतरायचंय. ढकलत नाही, बसून जायचंय." बोलता बोलता डोळ्यांत पाणीच आलं मेलं.

यांनी तडक मोठी तोटी बसवली. पेट्रोल मात्र जुन्याच मापाने घातलं, सवय जाते कुठे!

रविवारी गाडी तो चढ अशी चढली, की मला हसू आवरेना. थाटात माहेरच्या दारात पोचलो. बघते तर दारात चिटपाखरू नाही!

"फिरवा," मी म्हटलं.

"अगं, आत जाऊ की."

"फिरवा म्हणते ना!"

गल्लीला वळसा घालून आलो, भोंगा वाजवला. वहिनीचा पत्ता नाही. पुन्हा वळसा. या खेपेला गल्लीच्या तोंडाशीच गाडीने आचके दिले आणि बंद पडली. पेट्रोल संपलं! आणि नेमकी तेव्हाच वहिनी दारात आली, मागोमाग दादा.

माझं तोंड एवढंसं झालं. निमूटपणे पदर खोचला आणि उतरायला निघाले. हे आधीच खाली उतरले होते.

"बस तिथेच! खबरदार उतरलीस तर. चाक सरळ धर."

डोक्यावरचं पागोटं माझ्या मांडीवर ठेवलं, आणि शेजारपाजार बघत असताना यांनी एकट्याने गाडी रेटली, लालबुंद होऊन, थेट दारापर्यंत. मग पुढे येऊन माझ्यासाठी दार उघडलं. मी उतरले.

वहिनी हसली नाही. तिने दादाच्या बरगडीत कोपर खुपसलं आणि म्हणाली, "बघा. बघा जरा!"