सोफ्यामागचे स्पीकर

शेजारच्या श्रीकांतने घरात होम थिएटर बसवलं आणि वडिलांचे जुने लाकडी स्पीकर सोफ्याच्या मागे लावले. वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. ते असताना हे स्पीकर समोर असत आणि घरभर गाणी वाजत. मागच्या स्पीकरना मात्र फारसं काम नसतं. बोलणं समोरून येतं; मागून येतात ती पावलं, वारा, एखादं दार.

रविवारी दुपारी आम्ही सिनेमा बघत होतो. मागे दार करकरलं, कुणीतरी चपला काढल्या.

"आलात? चहा टाकते," वळून न बघताच श्रीकांतची आई म्हणाली आणि उठलीही.

श्रीकांतने घाईने सिनेमा थांबवला. "आई, अगं सिनेमातलं आहे ते! उद्याच काढतो हे स्पीकर."

"कळतंय रे मला," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "पण काढू नकोस."

गेलेल्या माणसाचं बोलणं हळूहळू पुसट होतं. त्याचा घरातला वावर कान विसरत नाहीत.

ती पुन्हा बसली. सिनेमा सुरू झाला. मागून पावलं आली, सोफ्यापाशी थांबली. आम्ही तिघांनीही वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर तिथे फक्त स्पीकर दिसले असते.