हेल्गेची तेवीस पाडसं

कालमीरा गावात हेल्गे विकलुंड हा शहाणा माणूस समजला जायचा, आणि याचं सगळ्यात जास्त नवल खुद्द हेल्गेला वाटायचं. अडतीस वर्षं रस्त्यावरचा बर्फ लोटायचं मशीन चालवलं, एक लग्न केलं, एक मुलगी वाढवली, एकतीस मूस, म्हणजे आमच्याकडची घोड्याएवढी रानहरणं, मारले. यात शहाणपण कुठून आलं? पण आमच्याकडे कमी बोलणाऱ्याला शहाणा म्हणायची पद्धत आहे, आणि हेल्गे तर इतका कमी बोलायचा, की त्यानं आपल्याला लग्नाची मागणी घातली होती की नाही याबद्दल त्याच्या बायकोला, दाग्नीला, अजून शंका आहे.

आता असा माणूस उभ्या आयुष्यात एकदा थाप मारतो आणि तीही नीट मारता येत नाही, म्हणजे काय म्हणावं?

त्याचं असं झालं. सदुसष्टाव्या वर्षी हेल्गेच्या डोळ्यांत मधोमध एक धुरकट डाग आला. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. कॉफी कपाच्या शेजारी ओतली जाऊ लागली. मोटार त्यानं स्वतःहून विकून टाकली आणि गावाला सांगितलं की गुडघे दुखतात. दाग्नीला सगळं कळत होतं. ती म्हणाली, "गुनवोरला सांगून टाक." गुनवोर म्हणजे दाग्नीची धाकटी बहीण आणि गावच्या शिकारी टोळीची म्होरकी. हेल्गे म्हणाला, "सांगतो." मग सप्टेंबर आला.

सप्टेंबरचा पहिला सोमवार म्हणजे आमच्याकडे काय, हे सांगत बसत नाही. त्या आठवड्यात कुणी लग्न करत नाही, आणि मरायचं असलं तरी माणूस जरा थांबतो. टोळीत नऊ जण. आठ जणांनी रानात आपापल्या मचाणावर बसायचं आणि नवव्यानं कुत्रा घेऊन हाका करायचा, म्हणजे जनावर उठवून मचाणांकडे पिटाळायचं. नियम दोन. पाडसासोबत मादी आली तर आधी पाडसावर बार काढायचा, मादीला हात लावायचा नाही. आणि दुसरा, जुना नियम: ज्याच्या हाती बंदूक किंवा कुत्रा, त्यालाच मांसात वाटा. बाकीच्यांनी वास घ्यावा.

त्या वर्षी हेल्गेच्या मचाणासमोर काहीतरी काळं आलं. खडक असावा तर हललं, मूस असावा तर थांबलं. हेल्गेनं बंदूक उचलली, डाग नेमका त्या काळ्यावर बसला, आणि त्यानं बंदूक खाली ठेवली. फांद्या मोडत ते काळं निघून गेलं. वॉकीटॉकीवर गुनवोरनं विचारलं, "बार का नाही काढलास? मादी तुझ्याच अंगावरून गेली." तेव्हा गप्प बसला असता तर निभावलं असतं. गप्प बसण्यात तर त्याचा हातखंडा होता. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणाला, "सोबत पाडसं होती. दोन. झाडाआड. बार नीट बसला नसता."

संध्याकाळी शेकोटीपाशी सगळ्यांनी मान डोलावली. "याला म्हणतात शिकारी," सिक्स्टेन म्हणाला. सिक्स्टेन म्हणजे शेजारच्या मचाणावरचा, ज्याला देवानं तोंड दिलं आणि झाकण द्यायचं राहून गेलं. "आम्ही असतो तर धडाधडा उडवलं असतं."

एकदा वाट सापडल्यावर हेल्गे थांबतोय कशाला? पुढची तीन वर्षं त्याच्यासमोर जे जे काळं हललं, त्याला पाडसं झाली. कधी एक, कधी जुळी. एकाच्या कानावर त्यानं पांढरा ठिपकासुद्धा काढला. हा ठिपका आपल्याला कसा सुचला याचा विचार करताना तो घरी एकटाच हसायचा, आणि मग बराच वेळ हसू यायचं नाही. नव्या शिकाऱ्यांसाठी गावच्या सभागृहात 'शिकारीतला संयम' या विषयावर त्याचं भाषणही ठेवलं गेलं. पडद्यावर चित्रं दाखवत होते, ती सभागृहात फक्त वक्त्याला दिसत नव्हती.

ऑगस्टमधली नेमबाजीची परीक्षाही तो पास व्हायचा. फळीचा मूस चाळीस वर्षं त्याच रुळावर त्याच करकरीनं सरकतो. त्या आवाजावरून नेम धरून हेल्गेनं चारही वर्षं त्याच्या फुफ्फुसात गोळी घातली.

इथवर गंमत होती. पण मूसच्या शिकारीत बघितलेलं जनावर सोडून चालत नाही, लिहावं लागतं. कुणी किती नर पाहिले, किती माद्या, सोबत पाडसं किती, हे गुनवोर रोज संध्याकाळी तक्त्यात भरते. तो तक्ता जिल्ह्याला जातो, आणि पुढच्या खेपेला किती मारायचे ते त्यावरून ठरतं. पाचव्या वर्षी, शिकारीच्या आदल्या रविवारी, गुनवोर हसत हसत हेल्गेच्या दारात आली. गुनवोर हसत आली म्हणजे कुणाचं तरी काहीतरी चुकलंच असणार, असं दाग्नी नेहमी म्हणते.

"परवानगी आली," गुनवोर म्हणाली. "दरवर्षी चार पाडसं मिळायची, यंदा नऊ. पलीकडच्या गावाला तीनच. त्यांच्या म्होरक्याला मी फोन करून सांगितलं, आमच्याकडे हेल्गे आहे म्हणावं."

हेल्गेनं तोंडातला घास तसाच गिळला. आमच्या रानात अस्वलांच्या तावडीतून सुटून वर्षाकाठी सहा-सात पाडसं जगली तरी खूप. नऊ मारायची परवानगी म्हणजे रान झाडून काढायची परवानगी. दोन वर्षांत हाका करायला कुत्रा उरला असता, मूस नाही. आणि हे सगळं एका माणसाच्या डोळ्यांतल्या डागातून जन्मलेलं.

गुनवोर गेल्यावर दाग्नी म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तू तर मुठीतून कळप काढलास."

"उद्या सकाळी सांगतो."

"काय सांगशील?"

"सगळं."

"आणि मग बंदूक जाईल, वाटा जाईल, म्हणून रडत घरी येशील."

"येईन," हेल्गे म्हणाला. तेच तर होतं. वडिलांनी पंधराव्या वर्षी त्याला त्या मचाणावर बसवलं होतं. टोळीतून नाव गेलं की हिवाळ्यात तो खिडकीशी बसणार, आणि खिडकीतूनही त्याला काही दिसणार नव्हतं.

सोमवारी पहाटेच सगळे शेकोटीपाशी जमले. कॉफी उकळत होती, सिक्स्टेन तिच्यात चीजचे तुकडे बुडवून खात होता, थंडीत सगळ्यांची नाकं लाल झाली होती. मचाणं चिठ्ठ्या टाकून वाटतात. हेल्गेनं घसा खाकरला. तेवढ्यात गुनवोर म्हणाली, "हेल्गेचं मचाण यंदा चिठ्ठीत घालायचं नाही. ते त्याचंच. कुणाची हरकत?" कुणाचीच नव्हती. आठ माणसं त्याच्याकडे कौतुकानं बघत होती, निदान तसं त्याला डागाच्या कडेनं वाटलं.

हेल्गेनं घशात आलेलं सगळं थुंकून टाकलं.

मचाणाकडे जाताना त्यानं नवी युक्ती काढली, आणि ती त्याला फार आवडली. सांगायचं काहीच नाही. यंदापासून फक्त खरं लिहायचं. काही दिसलं नाही, तर 'काही दिसलं नाही'. म्हणजे आकडा आपोआप खाली येईल, परवानगी कमी होईल, अब्रूही राहील. पण ती नऊ पाडसं याच आठवड्यात मारली जाणार होती, हे काही त्याच्या हिशेबात आलं नाही. भित्रा माणूस युक्ती काढतो तेव्हा तो असाच अर्धाच हुशार असतो.

दहाच्या सुमाराला पलीकडच्या डोंगरावर कुत्रा भुंकू लागला. भुंकणं जवळ आलं, मग उजवीकडे गेलं. हेल्गे ताठ बसला. समोर दलदल, दलदलीपलीकडे झाडं, मधे डोळ्यांतला धूर. वॉकीटॉकीवर गुनवोरचा आवाज आला, "हेल्गे, तुझ्याकडे काही?"

"काही नाही," हेल्गे म्हणाला. चार वर्षांत पहिल्यांदा खरं बोलला, आणि त्याला इतकं हलकं वाटलं की त्यानं आणखी एकदा सांगितलं. "काहीही नाही. अगदी रिकामं आहे."

मग सिक्स्टेन हळू आवाजात म्हणाला, "हेल्गे, ती तुझ्यासमोर उभी आहे."

"कोण?"

"मादी. दोन पाडसं. वीस पावलांवर. मला लांब पडतंय, तू काढ बार."

हेल्गेनं मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, डाग त्याच्याबरोबर फिरला. पाण्यात पाय टाकल्याचा चुबुक असा आवाज आला, आणि मोठ्या नाकपुड्यांतून सुटलेला श्वास. अगदी जवळून.

"पाडस मोकळं आहे," सिक्स्टेन म्हणाला. "अरे, ते तुझ्याकडेच बघतंय. काढ की."

"आंधळा मागतो एक डोळा," हेल्गे वॉकीटॉकीचं बटण न दाबता पुटपुटला. पुढचं त्याला म्हणवेना. तिघंही निवांत चालत दलदल ओलांडून गेली. पाण्याचे आवाज त्यानं मोजले. पाडसं खरंच दोन होती.

अर्ध्या तासानं गुनवोर मचाणाखाली आली. "खाली ये," म्हणाली. हेल्गे शिडीवरून चाचपडत उतरला, आणि ते चाचपडणं तिनं बघितलं. आधी काय करायचं ते त्याला ठाऊक होतं. ज्याच्याशिवाय बार निघत नाही तो बंदुकीचा बोल्ट त्यानं काढून तिच्या हातात दिला.

"कधीपासून?"

"चार वर्षं."

"आणि ती पाडसं?"

"तेवीस झाली. एकही खरं नाही. ठिपकेवालं तर अजिबातच नाही."

गुनवोरनं एक अशी शिवी दिली की ती इथे लिहिली तर पाद्री मला चर्चमध्ये पाऊल ठेवू देणार नाही. मग तिला वेगळीच धास्ती वाटली. "डोळे गेलेल्या माणसाच्या हातात भरलेली बंदूक. दलदलीपलीकडे सिक्स्टेन बसतो, हेल्गे. तुला काही कळतं का?" तिनं मॅगझिन उघडलं. ते रिकामं होतं. "काडतुसं कुठेत?"

हेल्गेनं खिशातून पाचही काढून दाखवली. हाताळून हाताळून त्यांचं पितळ गुळगुळीत झालं होतं. "पहिल्या वर्षानंतर भरलीच नाहीत."

गुनवोर ओल्या शेवाळावर बसली. "म्हणजे तेव्हापासून तू रिकामी बंदूक घेऊन इथे बसतोस. पावसात. गारठ्यात."

"हो."

"कशासाठी?"

हेल्गेला इतकं बोलायची सवय नव्हती. "तुम्ही सगळे इथे असता," तो म्हणाला. "घरी मी एकटा पडलो असतो. मला तुमच्यात बसायचं होतं. त्यासाठी बंदूक लागते, म्हणून आणली."

"फोन मला करावा लागणार आहे," गुनवोर म्हणाली. "जिल्ह्याला, आणि पलीकडच्या गावाच्या त्या माणसालासुद्धा. त्याला मी काय काय बोलले होते, तुला माहीत आहे?" मग उठली. "तुझं काय करायचं, ते शुक्रवारी टोळी ठरवेल. तू यायचं नाहीस."

तिनं तिथेच सगळ्यांना वॉकीटॉकीवर सांगितलं, की यंदा पाडसं चारच. पुढचे पाच दिवस ती हेल्गेशी एक अक्षर बोलली नाही. हेल्गे घरी खिडकीशी बसून राहिला, लांबून येणारे बार ऐकत. शुक्रवारी काय ठरलं तेही कुणी सांगायला आलं नाही. न सांगणं म्हणजेच उत्तर, असं त्यानं धरलं. आमच्याकडे नकार बहुतेक वेळा असाच मिळतो.

पुढच्या शनिवारी, आठवडाभर टांगून मांस मुरल्यावर, वाटणी होती. दाग्नीनं त्याच्या हातात वॉकीटॉकी ठेवली. "टोळीची वस्तू आहे. परत देऊन ये."

"तू दे."

"थापा मी मारल्या होत्या?"

मांसाच्या शेडमध्ये लांब फळीवर ढीग लावलेले होते. एकानं ढिगांकडे पाठ करून उभं राहायचं, म्होरकीनं एकेका ढिगावर सुरी टेकवून 'हा कुणाचा' विचारायचं, आणि पाठमोऱ्यानं नाव घ्यायचं, म्हणजे कुणाची तक्रार राहत नाही. हेल्गे दारातूनच वॉकीटॉकी ठेवून परत फिरत होता. तेवढ्यात सिक्स्टेन म्हणाला, "नावं घ्यायला हेल्गेला उभा करा. याला तर वळवायचीही गरज नाही."

सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. मग हेल्गे हसला, त्या सोमवारनंतर पहिल्यांदा, अगदी पोटातून, आणि त्याच्यामागून बाकीचेही हसले. गुनवोर मात्र हसली नाही.

"भिंतीकडे तोंड कर," ती म्हणाली. "नियम तो नियम. हा कुणाचा?"

"सिक्स्टेनचा."

"हा?"

हेल्गे नावं घेत गेला, बोटांवर मोजत. आठ झाली. टोळीत आता आठच होते. त्यानं टोपी घातली आणि दाराकडे वळला.

"हा कुणाचा?" गुनवोरनं विचारलं.

त्यानं बोटं पुन्हा मोजली. "आठ झाले, गुनवोर."

"मी तुला मोजायला सांगितलं नाही. तुझी मोजणी आम्ही चार वर्षं बघितली. हा कुणाचा?"

आपलंच नाव घ्यायला त्याला इतका वेळ लागला, की सिक्स्टेनसुद्धा काही बोलला नाही. "हेल्गेचा," तो म्हणाला. गुनवोरनं श्वास आत ओढला. आमच्या उत्तरेत 'हो' असंच म्हणतात.

घरी दाग्नीनं पिशवी ओट्यावर उलटी केली आणि तिचं तोंड वाकडं झालं. मानेचं मांस, शिरा, आणि हाडंच हाडं. "ही काय थट्टा झाली? नऊ ढिगांतला सगळ्यात वाईट मुद्दाम शेवटाला ठेवला असेल तिनं. मी ओळखते माझ्या बहिणीला. आत्ता फोन करते."

"करू नकोस," हेल्गे म्हणाला. तो एकेक हाड हातात घेऊन चाचपत होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसतही नव्हता. "आजाऱ्याला कुणी हाडं देतं का? त्याला मऊ मांस धाडतात, वर रुमाल झाकून. हे टोळीतल्या माणसाला दिलंय. मोठं पातेलं काढ."