तांदळातली दोन अंडी

आधी हसणार नाही असं कबूल करा, मगच सांगतो. कारण त्या संध्याकाळी मी जसा घाबरलो, तसा लग्नातसुद्धा घाबरलो नव्हतो!

तसा मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. निदान दिवसाउजेडी तरी नाही. झालं काय, आमची सुनंदा, म्हणजे बायको, बांद्याला माहेरी गेली होती. जाताना बजावून गेली, "फ्रिजात अंडी आसत. अंड्याची पोळी करून खावा आणि गप ऱ्हवा."

गप राहील तो मी कसला? भातासाठी तांदळाच्या डब्यात हात घातला, तर आत दोन गावठी अंडी लपवून ठेवलेली! आता गावठी हाताशी असताना फ्रिजातली पांढरी कोण खातो, सांगा बघू? दोन्ही उचलली.

दोन्हींवर लाल ठिपका होता. धुतला, घासला, जाईना. म्हटलं, जाऊ दे, आपण कुठं टरफल खाणार? अंडी उकडली, ओल्या खोबऱ्याचं वाटप लावून रस्सा केला आणि भाताबरोबर असा हाणला की ढेकर शेजारी ऐकू गेली असेल.

गेलीच बहुतेक. कारण शेजारचे अप्पा आले. अप्पा म्हणजे देवाला गावाचं गाऱ्हाणं घालणारे, त्यांच्या शब्दापुढे आमच्याकडे कुणी जात नाही. त्यांची नजर टरफलांवर पडली आणि चेहराच उतरला.

"ह्यां खंयसून हाडलंस रे?"

"तांदळातसून. कित्याक?"

"लाल टिको! मेल्या, ह्यां उताऱ्याचां अंडां! कोणाची तरी बाधा उतरून तिठ्यार ठेवतत तां!"

"पण तां आमच्या तांदळात कसां येतलां?"

"येवक त्येका काय दार लागता?"

"धुतलंय, तरी जावक नाय ओ तो टिको," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण विहिरीतून यावा तसा.

"कुंकू पाण्यान जाता," अप्पा हळूच म्हणाले. "ह्यां कुंकू न्हय."

संपलं! तेवढ्यात परसात माडाची झावळ धपकन पडली आणि मी ओट्यावर चढलो. खरंच चढलो! सुनंदाला शेवटचं काय सांगायचं, तेही मनात जुळवायला लागलो.

"अप्पा, कायतरी करा ओ!"

अप्पांनी मला खाली उतरवलं, खळ्यात, म्हणजे अंगणात नेऊन हात जोडायला लावले आणि गाव राखणाऱ्या देवाला गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा राखणदारा म्हाराजा! ह्या लेकराच्या हातसून काय चूक झाली आसात..."

"व्हय म्हाराजा!"

"ती पोटात घाल..."

"व्हय म्हाराजा!" चूक माझ्याच पोटात होती, ती गोष्ट वेगळी.

"तर ह्यो तुका एक कोंबडो देतलो..."

"व्हय म्हाराजा!" गाऱ्हाण्यात दुसरं उत्तरच नसतं हो!

मग सुनंदाला फोन लावला. "अगो, तांदळातली अंडी... लाल टिक्याची..."

"तो माझ्या नखांचो रंग! उद्या येवन खुडूक कोंबडेखाली उबवूक ठेवची हुती. कोंबडेन नवीन अंडां घातलां तर वेगळां कळाक व्हया, म्हणान खूण केलंय. कित्याक? खाल्लास?"

अहाहा! जीव भांड्यात पडला. मी मोठमोठ्यानं हसलो. अप्पा उगाचच आभाळाकडे बघू लागले.

सुनंदा मात्र हसली नाही. "हसतास काय? त्या पिलांतलो एक कोंबडो वाढवन राखणदाराक देवचो, असो माझो नवस आसा!"

म्हणजे देवाचाच कोंबडा मी रश्श्यात बुडवून खाल्ला, आणि वर त्याच देवाला दुसरा कबूल करून बसलो!

अप्पांनी घसा खाकरला. मी न सांगताच हात जोडले.

"बा राखणदारा म्हाराजा! आता ह्यो तुका दोन कोंबडे देतलो..."



"व्हय म्हाराजा!"