सुमतीताईंनी पाणबुड्याला विचारलं

लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसाला तिसरा मजला यायच्या आत सुमतीताई त्याचं गाव, त्याचं काम आणि ते काम नेमकं कसं करतात, एवढं विचारून घेत. आखातातल्या अल मनखूल भागातल्या त्या इमारतीत मी नवीन होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला धरलं. "इन्शुरन्समध्ये आहेस, म्हणजे दिवसभर करतेस काय गं? नीट सांग, मला वेळ आहे." माझ्या आईनेही हे कधी विचारलं नव्हतं.

ताई सांगलीच्या. लग्नाआधी शाळेत शिकवत. यजमान, म्हणजे जोगळेकर, जहाजांना सामान पुरवणाऱ्या एका कंपनीत स्टोअर्स सांभाळायचे. इमारतीतल्या मुलांना ताई शुक्रवारी सकाळी मराठी शिकवत. मुलं इंग्लिशमध्ये उत्तरं देत, त्याचं त्यांना काही वाटत नसे. "उत्तर चुकू दे रे, पण गप्प नको बसू," एवढंच म्हणत.

नव्वदचं दशक सरत असताना जोगळेकरांची कंपनी बंद पडली. व्हिसा रद्द. महिन्याभरात चौदा वर्षांचा संसार गुंडाळायचा होता. मी खोकी बांधायला मदत करावी म्हणून गेले, तर ताई चपला घालून दारात उभ्या.

"होड्यांचं म्युझियम बघायचं राहिलंय. हे म्हणतात, खलास झालं सगळं, आता कसलं म्युझियम! मी म्हटलं, आता नाही तर कधी? ईशाला घे, चल."

ईशा माझी सात वर्षांची मुलगी. आम्ही तिघींनी खाडीवर एक अख्खी अब्राच ठरवली. एरवी या लाकडी होड्या पाच मिनिटांत माणसांना पैलतीरी नेतात. ताईंनी नावाड्याला, रफीकभाईंना, बजावलं, "भाईसाब, एकदम धीरे. हमको पोहोचनेका नहीं, देखनेका है." काठाला जहाजं एकाला एक बांधलेली, त्यांवर फ्रीज, टायर, चहाची खोकी. हे कुठे चाललंय, किती दिवस लागतात, खलाशी स्वयंपाक कुठे करतात? रफीकभाई हसत हसत सांगत होते. संग्रहालयापर्यंतच्या अर्ध्या तासाच्या वाटेला आम्हाला दीड तास लागला.

संग्रहालय लहानसं होतं. दोन जुन्या होड्या आणि मोती काढणाऱ्या पाणबुड्याचा पुतळा: नाकाला चिमटा, गळ्यात टोपली, पायाला दगड, कमरेला दोर.

"इज ही डेड?" ईशाने विचारलं.

कोपऱ्यात खुर्चीवर बसलेले पांढऱ्या दाढीचे राखणदार हसले. "मरा नहीं, बेटी. ये मैं हूँ." तरुणपणी ते स्वतः मोत्यांसाठी बुड्या मारत. मुंबईला जाऊन-येऊन हिंदी शिकलेले. म्हणाले, "सब एक ही बात पूछते हैं, मोती कितना बड़ा मिला?"

ताईंनी मोत्याचं नाव काढलं नाही. "चाचा, ऊपर रस्सी किसके हाथ में होती थी?"

म्हातारबाबांनी पुतळ्याच्या दोराकडे पाहिलं. मग म्हणाले, "मेरे भाई के. दूसरे किसी को मैंने पकड़ने नहीं दी." दम संपला की खालून दोराला एक झटका द्यायचा आणि भावाने ओढून घ्यायचं. भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला होता. ते उठले, ताईंना पुतळ्याभोवतीच्या साखळीच्या आत घेऊन गेले आणि त्याचा दोर त्यांच्या हातात दिला. ताई तो धरून नुसत्या उभ्या राहिल्या.

परतताना रफीकभाईंच्याच होडीत त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. अर्ध्या खाडीत आल्यावर एकदम म्हणाल्या, "मला जायचं नाहीये गं. इथं पासपोर्टवर 'हाउसवाइफ' शिक्का मारला, तरी मी माझ्या पायांनी फिरले. तिकडे दिरांच्या घरात मागची खोली मिळणार आहे."

तीन वर्षं मी त्यांना फक्त उत्तरं दिली होती, हे तेव्हा लक्षात आलं. मी म्हटलं, "ताई, तुम्ही इथे उतरलात, तो पहिला दिवस कसा होता?"

त्यांनी पदराने डोळे पुसले. "खरंच ऐकायचंय?" आणि सुरुवात केली. विमानातून उतरल्यावर तोंडावर आलेली गरम हवा, बॅगेत फुटलेली लोणच्याची बरणी, जोगळेकरांनी हौसेने दाखवलेलं बिनफर्निचरचं घर, आणि त्याच्या खिडकीतून दिसणारी नुसती वाळू. काठ आला तरी त्या बोलतच होत्या. मी रफीकभाईंकडे पाहिलं. त्यांनी होडी काठाला लावली नाही, सावकाश वळवली आणि पुन्हा पाण्यात घेतली.